पाठवणाऱ्याचा पत्ता

प्रिय ताई,

सव्वादोन वाजलेत. तीनला बस आहे आणि चारला कुरिअरवाला येणार आहे, म्हणजे दोघांतला एकच मला भेटणार. सॅक भरून दाराशी ठेवलीय. टेबलावर दुरुस्तीला आलेली एक बॅग पडलीय, माझी पहिली ऑर्डर. सहा वर्षांत तुला नुसते ‘मी बरा आहे’ एवढेच मेसेज टाकले, तेही दर वेळी वेगळ्या नंबरावरून, आणि आज एकदम पत्र, म्हणून घाबरू नकोस. मी खरंच बरा आहे.

मी एका घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्या बरोब्बर खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान. त्याचं यंत्र सुरू झालं की माझे दात शिवशिवतात. त्याच्याकडे मी आठवडाभर कामही केलं, पण ते जाऊ दे. घरमालकीणबाई पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बत्तीस वर्षं बसून निवृत्त झाल्या. कुठलीही वस्तू हातात घेतली की वजन सांगतात. मी आलो त्या दिवशी माझी सॅक उचलून म्हणाल्या, “साडेसहा किलो. एवढ्यात बसतो होय रे तुझा सगळा संसार?” पाय मुरगळला म्हणून आठ दिवसांसाठी थांबलो होतो. चार महिने झाले.

सुरुवात त्यांच्या पर्समुळे झाली. तिची चेन अडकली होती. मी रनर काढला, पकडीने किंचित दाबला, दातांवर साबण फिरवला आणि दिली परत. बाईंनी दहा वेळा उघडझाप करून बघितली. मग म्हणाल्या, “जगात एवढ्या बॅगा फाटतायत आणि तू चाव्या घासत बसलायस. फोनवर दुकान काढ. लोक कुरिअरने पाठवतील, तू इथे बसून शीव. पार्सल कसं बांधायचं ते मी शिकवते.” मला इतकं पटलं की त्याच दुपारी पान तयार केलं. बॅग दुरुस्ती, घरपोच. दर टाकले, शिलाईचे फोटो टाकले. नाव नाही, चेहरा नाही, फक्त हात. शिवणकाम करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, तिथे जाड दोऱ्याबद्दल काहीतरी विचारायचं होतं, तेव्हा पानाची लिंकही चिकटवली. वर लिहिलं होतं, ‘लवकरच सुरू’.

ते ‘लवकरच’ दोन महिने चाललं. पानाचा रंग आधी निळा होता, मग हिरवा केला, मग विटकरी, मग परत निळा. म्हटलं आपल्यात जिद्द कमी पडतेय, म्हणून तसले व्हिडिओ बघायला लागलो. एक माणूस लांबलचक गाडीला टेकून सांगतो की पहाटे उठा, स्वतःला झोकून द्या. त्याला मी रोज पडल्या पडल्या दुपारपर्यंत ऐकायचो. बाई जिन्यातून ओरडायच्या, “अरे फिरस्त्या, उठलास की अजून प्रेरणा घेतोयस?”

रंग हे निमित्त होतं, ताई. हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय. पान चालू करण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात एक रकाना आहे, पाठवणाऱ्याचा पत्ता. तो भरल्याशिवाय बटण दाबलं जात नाही. मी त्या रकान्यात बोट ठेवायचो, घर क्रमांक लिहायचो आणि पुसायचो. पत्ता लिहिला म्हणजे उद्या कुणीही दार ठोठावून विचारू शकतं, आहे का तो इथे. आणि मी असायला हवा.

मग मागच्या सोमवारी पानावर एक निरोप आला. ‘मी एक शिक्षिका. तुम्ही अजून सुरू केलेलं दिसत नाही, पण माझी बॅग बरीच वर्षं तुटलेली आहे. पाठवू का?’ विचार करायच्या आत अंगठ्याने ‘पाठवा’ लिहून टाकलं. पत्ता मात्र कोपऱ्यावरच्या कुरिअर ऑफिसचा दिला. कळवलं, शुक्रवारी परत निघेल. आज शुक्रवार आहे.

परवा पार्सल आणलं. बाईंनी नुसतं हातात घेऊन सांगितलं, “बाराशे ग्रॅम. बॅग रिकामी आहे.” मी सुतळी कापली. आत कॅनव्हासची करडी बॅग, एका बाजूचा पट्टा मुळापासून उपटलेला, कापडासकट. सोबत चिठ्ठी, अक्षर मुद्दाम सरळ काढलेलं: ‘पट्टा असा लावा, की दोघांनी ओढला तरी तुटू नये.’

ही माझीच बॅग होती, ताई.

शिक्षिका म्हणे! बाकी शिकवलंस तूच, हे खरं. मी नऊ वर्षांचा होतो, तू मला मशीनवर बसवलंस आणि सुई माझ्या अंगठ्याच्या नखातून आरपार गेली. नख अजून दुभंगलेलंच उगवतं. मी पानावरून नाव लपवलं, चेहरा लपवला आणि प्रत्येक फोटोत तो अंगठा ठेवला. शिवणकामाच्या त्या ग्रुपवर तूही असशील, हे डोक्यातच आलं नाही. मूर्ख तो मूर्खच. त्या दिवशी दारात मी एक पट्टा धरला होता, तू दुसरा. तू म्हणत होतीस, “जायचं तर जा, पण कुठे ते सांगून जा.” मी ओढलं, पट्टा तुटला आणि बॅग तुझ्याच हातात राहिली. मी जिना उतरलो तो तसाच, अंगावरच्या कपड्यांनिशी. तू वरून हाक मारलीस ती ऐकली होती मी. ऐकू आली नाही असं पुढे स्वतःला सांगत राहिलो, पण ऐकली होती.

बॅग ओळखल्याबरोबर सॅक भरली. हे असंच होतं माझं, काही पकडायला आलं की पाय आधी निघतात. पण काल सकाळी हात शिवायला बसले होते. फाटक्या जागी आतून जाड कापडाचा तुकडा लावला, त्यावर पट्टा, चौकोनी शिलाई आणि चौकोनात फुली, दोऱ्याला मेण. बोटं सोलवटली. आज जेवण झाल्यावर बाईंनी पार्सल बांधायला सुतळी आणली, दाराशी सॅक बघितली, हलवून म्हणाल्या, “साडेसहा. काहीच वाढलं नाही तुझं.” आणि पेन टेबलावर ठेवून गेल्या. “पाठवणाऱ्याच्या पत्त्याशिवाय मी आयुष्यात एक पार्सल घेतलेलं नाही.”

तीन वाजून वीस मिनिटं झालीत. बस गेली. मी थांबायचं ठरवून थांबलो असं सांगणार नाही, तुला लिहितालिहिता वेळ गेला.

बॅग माझीच आहे, मी ठेवून घेऊ शकलो असतो. पण माझ्याकडे राहिली तर मी ती भरणार, मला माझा भरवसा नाही. म्हणून ती परत पाठवतोय आणि हे पत्र तिच्या बाजूच्या कप्प्यात घालतोय, कारण तू दारात जे विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते पार्सलवर, डाव्या कोपऱ्यात लिहिलंय: घर क्रमांक, मजला, सगळं. फॉर्मातही तेच भरलं आणि बटण दाबलं. पान निळंच आहे. पट्ट्याची परीक्षा घेतली, एक टोक बाईंनी धरलं, एक मी. टिकला. पण बाई जपून ओढतात. एकदा येऊन तू ओढून बघ.

तुझाच,
भिरभिऱ्या