देव्हाऱ्यातला भंडारा

प्रिय छगन,

पाकिटावर तुझ्या नव्या खोलीचा पत्ता लिहिताना ‘अहिल्यानगर’ असं नीट लिहिलं, पण गावात सगळे ‘छगन नगरला गेला’ एवढंच म्हणतात. फोन करायचं सोडून हे पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘असू दे रे अज्या’ म्हणतोस आणि विषय मिटतो. या वेळी मला तो मिटू द्यायचा नाही. दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात कोणी फिरकत नाही, तेव्हा टेबलाशी बसून लिहितोय. तुझ्या आईला नमस्कार सांग. शहरात त्यांचा जीव रमतो का?

इकडे तुझी सुरेखावहिनी बरी आहे. तुझ्या गॅरेजच्या शेडला कुलूप आहे, ते अण्णा रोज सकाळी जाऊन चाचपून येतात. डोळ्यांना आता फारच अंधुक दिसतं, म्हणून हातानेच बघतात. काठी टेकत जायचं, कुलूप हलवायचं आणि परत फिरायचं. मी ओट्यावर देवपूजेचं पाणी ओतत असतो तेव्हा हे सगळं दिसतं. दोन महिन्यांत एकदाही चुकलं नाही. मी आठ दिवस तापाने पडलो होतो, तेव्हा माझ्या कपाळाला हात लावायला ते किती वेळा आले, हे मी मोजलं होतं. ही माझी जुनी खोड आहे, छगन. तुला कधी कळू दिली नाही.

गाडी लिंबाखाली उभी आहे. पुढून पाणी ठिबकतं. रेडिएटर कोरडा पडू देऊ नये, असं अण्णा म्हणतात, म्हणून मी सकाळी तांब्याने पाणी ओततो आणि दिवस मावळेपर्यंत ते खालच्या पातेल्यात उतरतं. दुसऱ्या दिवशी तेच पाणी परत ओततो. गावातली माणसं हसत असतील.

तुला आठवतं का, आपण पाचवीत होतो आणि अण्णा शुगर फॅक्टरीच्या जीपवर ड्रायव्हर होते? रविवारी ते जीप घरी आणायचे आणि बोनेट उघडून मला हाक मारायचे. मी जायचो, पण तेरा नंबरचा पाना मागितला की अकराचा द्यायचो. एकदा पंख्याच्या पट्ट्यात सदऱ्याची बाही अडकता अडकता राहिली. त्यानंतर ते मला म्हणाले, ‘तू जा बाबा, पुस्तक वाच जा.’ रागावले नव्हते. त्याच दिवशी तू कुंपणावरून उडी मारून आलास आणि न सांगता बरोबर पाना पुढे केलास. अण्णा तुझ्याकडे बघून जे हसले, ते मी दारातून पाहिलं. पुढं मी पहिल्या नंबराने दहावी झालो, नोकरीला लागलो, तेव्हाही ते हसले. पण ते हसणं वेगळं होतं. पोटच्या पोराचं नाही, पाहुण्याच्या पोराचं कौतुक करावं तसं.

मग तो पौषातला रविवार. सोमवारी अण्णांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला न्यायचं होतं आणि आदल्या आठवड्यात गाडी गळायला लागली. मी म्हणालो, भाड्याची गाडी करू. अण्णा म्हणाले, ‘माजी गाडी हाय ना? छगन करील की.’ तू सकाळीच आलास. अंगणात गोणपाट अंथरून रेडिएटर सोडवलास, दोन्ही तोंडं बंद करून तो टाकीतल्या पाण्यात बुडवलास आणि सायकलच्या पंपाने हवा भरलीस. बुडबुडे कुठून येतात ते अण्णांना दिसत नव्हतं, तर तू त्यांचं बोट धरून पाण्यात नेलंस आणि बुडबुड्यावर ठेवलंस. ‘लागलं का अण्णा?’ ‘लागलं, लागलं! गुदगुल्या करतंय की रे!’ सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस लहान मुलासारखा हसत होता. मी चहा घेऊन उभा होतो. मला सांग, मोतीबिंदू झाल्यापासून मी रोज त्यांना पेपर वाचून दाखवतो. त्यांचं बोट धरून काही दाखवावं, हे मला एकदाही का सुचलं नसेल?

तू जागा घासून पितळ उजळ केलंस आणि कथील वितळवून डाख लावलास. अण्णा जवळ बसून तापल्या डाखाच्या वासावरून सांगत होते, ‘आता सोड, जास्त झालं.’ नंतर परत पाण्यात बुडवून बघितलंस. एक बुडबुडा नाही. दुपारपर्यंत गाडीत बसवून, पाणी भरून, तू जेवायला घरी गेलास. अण्णा सुरेखाला म्हणाले, ‘हात असावंत तर छगनचं.’ मी तिथेच ताटावर होतो. माझ्याही हातांना त्यांनीच लिहायला शिकवलं होतं.

जेवण झाल्यावर अण्णा आडवे झाले आणि मी गाडीपाशी गेलो. खाली एक थेंब पडलेला होता. बघता बघता दुसरा पडला. आता कळतं की तू भरताना वरून सांडलेलं पाणी निथळत होतं. पण तेव्हा माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहितो. मला आनंद झाला. छगनचा डाख गळतोय, असं मनाने म्हटलं आणि मनाला गोड लागलं.

तुला हाक मारली असती तर तू अर्धा घास टाकून आला असतास. मी मारली नाही. अण्णांची ती गोष्ट आपण कितीदा ऐकली आहे. करंजीच्या घाटात जीप गळायला लागली, जवळपास कोणी नाही, मग डब्यातली दोन चिमटी हळद रेडिएटरमध्ये टाकली आणि जीप पाथर्डीपर्यंत आणली. मला वाटलं, हे आपणही करू शकतो. नगरला पोचल्यावर सावकाश सांगू, अण्णा, छगनचा डाख गळत होता, मी तुमचीच युक्ती केली. स्वयंपाकघरात हळद घ्यायला गेलो असतो तर सुरेखाने विचारलं असतं. म्हणून देव्हाऱ्यात गेलो. चंपाषष्ठीला खंडोबाचा आणलेला भंडारा डबीत शिगोशीग होता. कपाळाला लावायचा भंडारा मी रेडिएटरमध्ये ओतला. दोन चिमटी नाही, अख्खी डबी. दोन चिमटींनी थांबतं तर डबीने कायमचं थांबेल, अशी माझी अक्कल. इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं. थेंब थांबले. ते तसेही थांबणारच होते. आत येऊन रिकामी डबी देव्हाऱ्यात ठेवली आणि देवाला हात जोडले. सवयीने जोडले गेले खरे.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. सोमवारी गाडी तूच चालवत होतास; घोडेगाव ओलांडलं आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला. तू गाडी बाजूला घेतलीस. बोनेटमधून वाफ आली. बऱ्याच वेळाने तू ओलं पोतं टाकून झाकण उघडलंस आणि पिवळा चिखल उसळला. तू बोटावर घेऊन बघितलंस, नाकाशी नेलंस. मग माझ्याकडे बघितलंस. तेवढंच. मागच्या सीटवरून अण्णांनी विचारलं, ‘काय झालं रं?’ आणि तू म्हणालास, ‘डाख सुटला अण्णा. माझीच चूक.’

मी शेजारी उभा होतो, छगन. माझ्या नखांत अजून पिवळं होतं.

अण्णा तुला काय बोलले ते मी लिहीत नाही. ‘परत माझ्या गाडीला हात लावू नको’ हे त्यातलं शेवटचं. भंडाऱ्याने तुंबून तापलेला रेडिएटर पुन्हा गळायला लागला, मालवाहू टेम्पोवाल्याने गाडी ओढून आणली, ऑपरेशनची वेळ गेली आणि गावात झालं की छगनला आता काम जमत नाही. महिन्याच्या आत तू शेड बंद करून एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये लागलास. आणि खोटं कशाला सांगू, पहिले चार दिवस मला घर मोकळं वाटलं. मग अण्णा कुलूप चाचपायला लागले. तू माझ्यासाठी चूक अंगावर घेतलीस याचेही मी तुझे उपकार मानले नाहीत. इथेही हाच पुढे, असं वाटलं.

सुरेखाला मी भंडारा सांडला असं सांगितलं होतं. डबी रिकामीच ठेवली. रोज पूजेला बसलो की तीच आधी दिसायची. परवा सकाळी पूजा अर्धी सोडून उठलो आणि अण्णांपाशी जाऊन सगळं सांगितलं. ते खाटेवर पाय सोडून बसले होते. चाचपून काठी जवळ घेतली. मग म्हणाले, ‘मला डोळं न्हाईत, नाक हाय. वाफंला हळदीचा वास आला तवाच कळलं. छगन कशाला हळद टाकील? त्याला डाख येतो.’

मी विचारलं, मग तुम्ही त्याला का बोललात? तर म्हणाले, ‘तुला बोललो असतो तर तू मोडला असतास. जलमभर मनात धरून बसला असतास. त्यो ऐकून घील असं वाटलं. पर त्यो बी गेला.’ एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. ऑपरेशनची नवी तारीख मिळाली आहे, पुढचा गुरुवार. आम्ही एसटीने येऊ. तुझ्या बंद शेडपुढे बसणाऱ्या सगळ्यांना मी काल हळदीची गोष्ट माझ्या तोंडाने सांगितली. हसू दे त्यांना. डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सोडतात. मी अण्णांना विचारलं, त्या वेळी जवळ कोण कोण असावं? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘छगन असू दे समोर. आदी त्याला बघतो.’ छगन, मला लागलं. पन्नाशीला आलो तरी लागलं, आणि हे लिहितानाही लागतंय. तू ये. पट्टी सोडतील तेव्हा तू समोर उभा राहा, मी मागे खाटेच्या कठड्याशी असेन. मग गावाकडे ये आणि रेडिएटर उतरव. या वेळी पाण्यात अण्णांचं बोट मी धरतो, बुडबुडा कुठे आहे तेवढं तू मला दाखव.

तुझाच,
अज्या