पलीकडे नेलेल्या दोन गोट्या

गुरुवार, संध्याकाळ

आठवीच्या समीकरणांसाठी आज उस्मानपुऱ्यातल्या भाजीवाल्याचा तराजू मागून नेला. एका पारड्यात गोट्यांची बंद पिशवी आणि सुट्या दोन गोट्या, दुसऱ्यात पाच. पिशवीत किती? शबानानं हात वर केला. एरवी ती कधी करत नाही. पुढं आली, दोन गोट्या उचलल्या आणि सरळ दुसऱ्या पारड्यात ठेवल्या. पारडं खाली गेलं.

"मॅडम, आता ह्यांला उणे कसं करू?"

"मंतर मार," मागून कुणीतरी. वर्ग हसला. मीही हसले.

पण 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे फळ्यावर मीच लिहिलेलं. तिनं तेच केलं. खरं तर पलीकडे काही जातच नाही, दोन्हीकडून दोन-दोन काढायच्या असतात. मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेऊन सांगितलं, चूक माझ्या शब्दांची होती.

"मंग वर्गात सांगा ना. हसले तं सगळेच."

बघू, म्हणाले. बघू का म्हणाले? तिच्या एकटीच्या कानात सांगणं सोपं होतं म्हणून?

तराजू उद्यापुरता ठेवून घेतला आहे. त्या दोन गोट्या उद्या मीच उचलून पलीकडे ठेवणार. हसू देत.