सोडलेल्या मासोळीबद्दल

तीर्थरूप केशवअण्णा यांस,

बेळगावाहून चिंतामणीचा साष्टांग नमस्कार. (जावयाने मेहुण्याला साष्टांग घालण्याची रीत नाही हे मी जाणतो, कारण पुढे कळेल.) तुमचा दमा, वहिनींचे गुडघे आणि निपाणीतली तंबाखूची धूळ कशी आहे? इकडे तुमची बहीण कल्याणी बरी आहे, झोप माझीच उडाली आहे. तिचा सातवा महिना सरला. मागच्या खेपेस काय झाले ते तुम्ही विसरला नसालच, त्यामुळे घरात मुंगी चिरडली तरी तिचा चेहरा उतरतो. गर्भिणीच्या नवऱ्याने जीवहत्या करू नये, हे तुमच्या मातोश्रींनी मला इतक्यांदा बजावले आहे की हल्ली मी ढेकणालाही चिमटीत धरून अंगणात पोचवून येतो.

नेमक्या अशा दिवसांत कॅम्पातल्या आमच्या गोऱ्या साहेबाने मला जांबोटीला नेले. त्याला गळ टाकून मासे धरण्याचा नाद. पण लहान मासे तो सोडून देतो, मोठेच ठेवतो. हे ऐकून मला वाटले, चला, निम्मे पाप वाचले! माझ्याकडे पट्टी धरण्याचे काम. पट्टीहून तोकडा मासा मलप्रभेत परत, लांब असला तर टोपलीत. (मापताना शेपटीचे टोक मी अंगठ्याखाली दडवीत होतो, हे तुम्हालाच सांगतो.) वाटाड्या भरमाला हा कारभार मुळीच पटेना. "रावसाब, बारक्यालाच लई चव असती. थोरला म्हंजे नुसता भुसा! ह्यो न्याय कुणी काढला?" मग तो एकाएकी गप्प झाला. का, ते मला खालच्या वळणावर पाणी प्यायला गेल्यावर कळले. तिथे त्याचा भाऊ मष्णू धोतर पसरून पाण्यात उभा, आणि आम्ही सोडलेले मासे पोट वर करून, अर्धमेले, त्याच्याकडे सुखरूप पोचत होते. अण्णा, टोपलीतला मासा निदान साहेबाच्या खाती जातो. हा ओठ फाडून सोडलेला कुणाच्या खाती धरायचा?

तेवढ्यात साहेबाच्या गळाला एक थोरली मासोळी लागली. पोट गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म फुगलेले. मापायची गरजच नव्हती. मी गळ काढला, तिने माझ्याकडे पाहिले (मासे सगळ्यांकडेच तसे पाहतात, असे तुम्ही म्हणाल) आणि माझे हात सैल पडून ती पाण्यात गेली. त्यावर साहेबाने जे इंग्रजी ऐकवले ते मला शाळेत कुणी शिकवले नव्हते. नोकरी अजून आहे. मुलांना आशीर्वाद.

आपला,
चिंतामणी

ता. क. हातांना वास कसला, म्हणून कल्याणीने विचारले. मला खोटे बोलणे जमत नाही. सगळे ऐकून तिने एवढेच विचारले, "ती जिवंत गेली ना हो?" मी हो म्हणालो. तेव्हापासून ती गाढ झोपते.

आणखी ता. क. पाणी गढूळ होते. मला काहीच दिसले नाही. सोमवारी ती बाळंतपणाला तुमच्याकडे येते आहे. तुम्ही शाळेत सृष्टिशास्त्र शिकवता, तुमचा शब्द तिला प्रमाण. तिने विचारलेच, तर ओठाची जखम पाण्यात आपोआप भरते म्हणून सांगा. खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर मला मात्र कळवू नका.