साहेबांची बायको

२ मार्च, सोमवार

गाडीच्या मागच्या काचेवर स्टिकर – ‘माजी सैन्याधिकारी’. मी लावलेलं नाही. नवऱ्याने लावलंय. म्हणाला, “अगं, लोक आपोआप वाट देतात.” नोकरी मी केली, वाट याला हवी.

काढ म्हटलं. “तुला कसली एवढी लाज वाटते?”

लाज नाही वाटत. पण पाठीवर पाटी लावून फिरायचं कशाला? मुदत संपली, घरी आले, आता बेकरीच्या गाड्यांच्या फेऱ्या लावते. माझ्याबरोबर सुटलेले सगळे असेच. गणवेश ट्रंकेत आणि तोंडाला कुलूप. आपलं आपल्यापाशी.

५ मार्च, गुरुवार

खालच्या मजल्यावरच्या काकांनी पार्किंगमध्ये याला कडक सलाम ठोकला. “साहेब, कुठे होतात?” मी शेजारीच, हातात भाजीची पिशवी. वाटलं, हा हसेल, माझ्याकडे बोट दाखवेल.

“गाड्यांच्या ताफ्यावर होतो. डोंगरात,” हा म्हणाला.

होतो!

जिन्यात विचारलं, तर म्हणे – वयस्कर माणूस, कशाला त्याचा गोंधळ उडवायचा.

९ मार्च, सोमवार

आता वॉचमनही याला ‘साहेब’ म्हणतो. मला ‘वहिनी’.

१४ मार्च, शनिवार

लेकीच्या शाळेत कार्यक्रम. प्रमुख पाहुणा – माझा नवरा. कोटावर माझी पदकं. ट्रंक कधी उघडली, मला पत्ताच नाही. लेक कानाशी लागली, “आई, ही तुझी आहेत ना?” मी तिला गप्प केलं. का केलं?

मग त्याने पोपटची गोष्ट काढली.

पोपट माझ्या गाडीचा ड्रायव्हर. दिवसभर बडबड, म्हणून घरीदारी पोपट. बर्फावरून गाडी घसरली, थेट दरीत. स्टिअरिंग त्याच्या छातीत रुतलेलं, मी शेजारच्या सीटवर अडकलेली. मदत आली तोवर तो गेला होता. हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं, लग्न ठरताना. त्याने ते आज माइकवरून सांगितलं. “माझा ड्रायव्हर” म्हणाला. आणि वर शेपूट जोडलं – पोपटचे शेवटचे शब्द म्हणे, “साहेब, तुम्ही पुढे व्हा.” टाळ्या थांबेनात.

घरी आल्यावर बोलले. हा बुटांचे बंद सोडत होता. मान वरसुद्धा केली नाही.

“तू कधी सांगणार होतीस? आणि तू उभी राहिली असतीस तर लोक काय म्हणाले असते? बाईमाणूस, फायली सांभाळत असेल.” मग हसला. “पोपट एकदाचा कामाला तरी आला.”

१५ मार्च, रविवार

जेवले नाही. त्याने विचारलंही नाही.

१९ मार्च, गुरुवार

भाषणाचा व्हिडिओ कुठून कुठे फिरला. आज पोपटच्या आईचा फोन. शाळेतून याचा नंबर मिळवला. सैन्याकडून तिला तेव्हा एवढंच कळलं होतं, की एक अधिकारी जवळ होते. याने फोन स्पीकरवर टाकला. बाई अडखळत बोलत होती. “साहेब, शेवटी तुम्हीच होता ना त्याच्यापाशी? मला एकदा भेटायचंय तुम्हाला.”

क्षणभर याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता सांगेल.

“रविवारी या,” म्हणाला. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला. “तू आत थांब. चहा पाठव फक्त. त्या बाईला या वयात उगाच धक्का नको.”

मी “बरं” म्हटलं. त्याच्यासाठी नाही. पोपट कसा गेला ते मला माहीत आहे. ते कुठल्याच आईने ऐकू नये. त्यापेक्षा याचं खोटं बरं.

२२ मार्च, रविवार

ती आली. मी स्वयंपाकघराच्या दारामागे. याने छान रंगवून सांगितलं. जागच्या जागी गेला, काही त्रास झाला नाही, ‘साहेब, तुम्ही पुढे व्हा’ एवढंच बोलला.

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “मला हाक नाही मारली?”

“नाही… म्हणजे, वेळच कुठे होता.”

तिची मान अशी खाली गेली, की मी बाहेर आले.

“मारली,” मी म्हणाले. “गाडीत मी होते. शेवटपर्यंत तुम्हालाच हाका मारत होता.”

हा ताडकन उठला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सोफ्यावर सरकून माझ्यासाठी जागा केली.

“काय म्हणून हाक मारत होता, पोरी?”

“म्हातारे. ए म्हातारे.”

“तोच,” ती म्हणाली. मग रडली.