लवकर मोठी हो

दादा,

संशोधनासाठी बालवाडीतल्या पोरांचं रक्त नेलं होतं. आज डॉक्टरबाई म्हणाल्या, "धुरामुळे असेल, पण हिच्या पेशी वयापेक्षा म्हाताऱ्या दिसतात." चार वर्षांची तुझी भाची, रे! दम्याचा पंप तर आधीच तोंडाला.

आणि तू भट्टीचा मॅनेजर! तपासणीवाले आले की भट्टी थंड, त्यांची पाठ फिरली की पुन्हा काळा धूर. वर मलाच शहाणपण शिकवतोस, "खिडकी लावून घे." श्वास काय खिडकीला विचारून येतो?

हे पत्र फाडणारच आहे मी. वाचून तू पुन्हा खिडकीच लावायला सांगशील.

वाढदिवसाला तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "लवकर मोठी हो." फळला तुझा आशीर्वाद. आता परत घे.

तुझीच,
धाकटी