बायपासचं भोक

शनिवार, २ ऑगस्ट १९८६

श्रीरंग हलकट आहे! चार वर्षं एकाच हँगरमध्ये, दोघांनी मिळून बांधायला घेतलेल्या एकाच विमानावर, दर शनिवारी घासली — आणि आज फ्लाइंग क्लबातल्या सगळ्यांसमोर माझी लाज काढली. भंगारातल्या गाडीचं रोटरी इंजिन मी उघडलं, मी जोडलं. जुन्या एसीचे कोर कापून रेडिएटर मी केले. आज विमान खुंटाला बांधून फुल पॉवर दिली, तर सात मिनिटांत पाणी उकळलं. यावर साहेब सगळ्यांना सांगतात, "कूलिंग दिगूकडे होतं. त्याचं चुकलं."

आणि गेल्या आठवड्यात पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा थर्मोस्टॅट कुणी काढला? यानेच! कुणी म्हातारा पायलट म्हणाला म्हणे, तो हवेत अडकला तर पाणी बंद. काढून टाक, वाट मोकळी झाली की जास्त वाहील. मला विचारलंसुद्धा नाही. हँगरची किल्ली टेबलावर आपटून फ्रीमाँटला घरी परत आलो.

रविवार, ३ ऑगस्ट

पद्मिनी म्हणते, तुम्हीच फोन करा. मी का? नवऱ्याची बाजू घ्यायचा हिला कंटाळाच!

बुधवार, ६ ऑगस्ट

सापडलं!! सुट्या भागांसाठी आणलेलं दुसरं इंजिन गॅरेजमध्ये आहे, ते उघडून बसलो. थर्मोस्टॅटच्या खाली एक चकती असते. इंजिन तापलं की ती खाली सरकून बायपासचं भोक बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडेच जातं. थर्मोस्टॅट काढला की भोक कायम उघडं. गरम पाणी रेडिएटर चुकवून तसंच पुन्हा इंजिनात! माझे रेडिएटर बिचारे निम्म्या पाण्यावर. भोकात एक बोल्ट बसवला की झालं. पंधरा मिनिटांचं काम.

आधी माफी मागू दे. मग बोल्ट.

रविवार, १० ऑगस्ट

याने नवा, मोठा रेडिएटर विकत आणून बसवला. माझे काढले. येत्या शनिवारी पहिलं उड्डाण, एकटाच नेणार. त्याच्या बायकोने, सुलेखाने, पद्मिनीला सांगितलं.

रेडिएटर कितीही मोठा असो, भोक उघडंच आहे. धावपट्टीवर हळू फिरवताना निभावेल. चढताना नाही. म्हणून मान खाली घालून मीच फोन केला. 'बायपास' म्हणेपर्यंत मध्येच, "कूलिंगचं आता राहू दे यार. या वेळी प्रॉपर माणसाकडून करून घेतलंय."

प्रॉपर माणूस! फोन ठेवला. खड्ड्यात जा म्हणावं!

बुधवार, १३ ऑगस्ट

आधी फुल पॉवर देऊन बघेलच की. काटा दिसतो त्याला, लहान नाही. माझी गरज नाही ना? मग नाहीच.

पद्मिनीने विचारलं, काय बिनसलंय. काही नाही म्हटलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

सुलेखाचा हॉस्पिटलमधून फोन. इंजिन हवेतच बंद पडलं. टोमॅटोच्या शेतात उतरवलं. दोन मणके मोडलेत. चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. ॲम्ब्युलन्समध्ये एकच घोकत होता — नव्यानेही उकळलं, दिगूची चूक नव्हती, त्याला सॉरी सांग.

मग रडत म्हणाली, "असं कसं झालं हो भाऊजी? तुम्हाला त्यातलं कळतं."

माहीत नाही म्हणालो.