वच्छला टेलर्स

साकोली
ता. ९ एप्रिल १९७८

तीर्थस्वरूप गोदावरीबाईस,
धाकटा भाऊ ईश्वर याचा शि. सा. न. वि. वि.

तू वच्छलाला घेऊन सुखरूप पोचल्याचा निरोप बसच्या कंडक्टरकडून मिळाला आणि जीव भांड्यात पडला. बाई, त्या दिवशी तू आली नसतीस तर काय झालं असतं! शकुन काज-बटन करत होती, मी मशीनवर मान खाली घालून, आणि पोरीनं कोळशाच्या इस्त्रीवर सरळ हात ठेवला. तळहाताचा फोड बसला का? खोबरेल लावत जा.

लग्नसराईपुरतीच ठेव. पोळ्याच्या आत मी स्वतः येऊन घेऊन जातो. आपल्या घरात नांगर सोडून सुई धरणारा मी पहिला, तेव्हा हसं व्हायला नको. इथल्या साऱ्या शिंप्यांची एकच ख्याती, कपडा कधी वेळेवर द्यायचा नाही. म्हणून मी नवी पाटी रंगवून घेतली, 'वच्छला टेलर्स, वायद्याचे पक्के'. खाली लिहिलं, ठरल्या दिवशी कपडा तयार नसला तर शिलाई माफ. पोरीचं नाव लावलं, बरकत येईल. रिक्षावर भोंगा लावून बाजारभर पुकारा केला, तर दुसऱ्याच दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नाही!

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया अशीच घट्ट ठेव, कुठे उसवू देऊ नको.

तुझा,
ईश्वर

लाखांदूर
ता. २१ एप्रिल १९७८

चि. ईश्वरास,
गोदावरीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुहं पत्र भेटलं. पोरीचा फोड सुकला, खपली पडली. पहिल्या रोजी 'आई, आई' करून लगित रडली. मंग माह्या बुधरामसंगं बोडीवर गेली, पाण्यातले बदक पाहून रडणं विसरली. आता माह्या कुशीतच झोपते. तू काळजी करू नको.

पुकाऱ्याचं वाचून तुहे भाऊजी हसून हसून बेजार. म्हणतात, साळा शिंपी झाला तं झाला, आता भोंग्यावरबी चढला! पण काहून रे, साऱ्या साकोलीले तारखा देऊन बसला, तुहं जेवणखाणं कवा होते? शकुनले दोन घास निवांत खाऊ दे. धंदा आपल्यासाठी असते, आपण धंद्यासाठी नाही, असं आपला बुढा म्हणे.

पोरीले एक फराक शिवून धाड. माप म्हणून दोरा पाठवून राहिली. पहिली गाठ छातीची, दुसरी उंचीची. पोळ्याले वाट पाहतो.

खुशाली कळवत जा, अन् वेळेवर जेवत जा.

तुही बहीण,
गोदावरी

साकोली
ता. २८ ऑगस्ट १९७८

तीर्थस्वरूप बाईस,
ईश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तुला तोंड कसं दाखवू? पोळ्याला येणं होत नाही. इथल्या बँड पार्टीनं सारे डगले माझ्याकडे टाकले आहेत आणि गणपतीच्या आधी हवेत. वायदा करून बसलो. डगले हुकले तर शिलाई तर जाईलच, नावही जाईल. नाव कमवायला वर्षं लागतात, जायला एक बाजार पुरतो.

तिसरी मशीन घेतली, कारागीर ठेवला. मला वाटलं होतं, हात वाढले की काम हलकं होईल. झालं उलटंच, तीन मशिनींना पुरेल एवढं काम आणायला मीच पळत असतो. टुरिंग टॉकीजच्या पडद्यावरही आता आपली जाहिरात दाखवतात.

वच्छलासाठी फराक धाडतो आहे. भाऊबीजेला येतो आणि तिला घेऊनच परततो. हा वायदा समज. रागावू नको, रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
ईश्वर

लाखांदूर
ता. २६ ऑक्टोबर १९७९

चि. ईश्वरास,
गोदावरीचा आशीर्वाद वि. वि.

यंदाबी भाऊबीजेले चंद्रालेच ओवाळलं. मागच्या सालीबी त्यालेच ओवाळलं होतं. शेजारच्या बाया विचारतात, गोदाबाई, तुमचा भाऊ साकोलीले आहे का आभाळात? हसून नेलं. पण घरात येऊन रडली, खोटं कायले बोलू.

उन्हाळ्यात आला तो दुपारच्या बसनं आला अन् संध्याकाळच्या बसनं गेला. पोरगी झोपली होती, तिले उठवलंबी नाहीस. तुहा वायदा गिऱ्हाईकाले पक्का अन् घरच्याले कच्चा. मीबी तुह्या दुकानात येऊन पावती फाडू का?

दिवाळीचं फराक आलं. रंग मोठा झ्याक. पण बाप्पा, ते तिच्या डोक्यातूनच उतरेना. मागच्या दोऱ्यावर शिवलं का रे? लेकरू वाढते, दोरा वाढते का? माह्या सखूच्या बाहुलीले घातलं. नवा दोरा धाडते.

एक गंमत सांगते. माही पोरं तुले मामा म्हणतात, तं वच्छलाबी 'फराकवाले मामा' म्हणते. मी किती सांगतलं, बाई, ते तुहे बाबा होत. ते म्हणते, बाबा तं घरी आहेत, अन् ह्यायच्याकडे बोट दाखवते. येशील तेव्हा दोन रोज राहून सुधरून घे. जास्त उशीर करू नको.

आशीर्वादाले कमी नाही, तुह्या येण्यालेच कमी आहे.

गोदावरी

साकोली
ता. ८ नोव्हेंबर १९७९

तीर्थस्वरूप बाईस,
शकुनचा वाकून नमस्कार वि. वि.

ह्यांच्या नावानं आलेलं तुमचं पत्र मीच आधी वाचलं. तुम्ही गंमत म्हणून लिहिलं, पण मले हसू आलं नाही. मले ती काय म्हणते? मामी म्हणते का? म्हणत असेल तर कळवू नका.

बाई, मी काय करू? दिवाळीत तिकडे यायला दोनदा पिशवी भरली. एकदा नवरदेवाचा कोट घेऊन लोक आले, एकदा कारागीरच गावी पळाला. काज माह्याशिवाय होत नाही. दुकान बंद ठेवलं तर धंदा जाते, उघडं ठेवलं तर हे हातातून जातात. जेवता जेवता झोपतात, झोपेत तारखा सांगतात. काही म्हटलं की म्हणतात, एवढा सीझन जाऊ दे. एक सीझन गेला की दुसरा दारात उभाच.

रिक्षा पुकारत येते, 'वच्छला, वच्छला', तेव्हा मी हातातलं टाकून दारात येते. कोणी हाक मारली, आता येईल, असं वाटते. मग रिक्षा पुढं जाते आणि मी पुन्हा काज करायला बसते.

तिले थंडीत अंगभर घालत जा. तुमचे उपकार म्हणणार नाही, तुम्ही रागवाल.

तुमची,
शकुन

लाखांदूर
ता. १७ एप्रिल १९८१

चि. ईश्वरास,
गोदावरीचा आशीर्वाद वि. वि.

आता गंमत पुरे. वच्छला सहा वर्षांची झाली. जूनमध्ये शाळेत नाव घालाचं आहे, गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. बुधरामनं तिले अक्षरं शिकवली, आपलं नाव कोळशानं साऱ्या भिंतीवर लिहून ठेवते. एकदा शाळा इकडे सुरू झाली की पोरगी कायमची इकडचीच, हे लिहून ठेव.

माह्या मनाले विचारशील तं ते म्हणन, नेऊ नको. पण माह्या मनाले विचारू नको. पोरगी तुही आहे, शकुनची आहे. मी किती दिवस दुसरीच्या लेकराले कुशीत घेऊन झोपू? सोडताना माहा जीव जाईल, ठेवली तं शकुनचा जाईल. दुकानाले कुलूप लाव अन् ये. जे कपडे राहतील ते राहतील, माफ कर शिलाई!

येशील तं माया आहे, नाही आलास तरी आहे, पण मंग बोलणार नाही.

गोदावरी

साकोली
ता. १४ जून १९८१

तीर्थस्वरूप बाईस,
ईश्वरचा शि. सा. न. वि. वि.

मी दुकानाला कुलूप लावून आलो आणि तिला घेऊन गेलो, हे तू पाहिलंसच. बस दिसेनाशी होईतो तू फाट्यावर उभी होतीस. ती खिडकीतून 'आई' म्हणून ओरडत होती. शेजारी शकुन बसली होती.

तेव्हापासून दुकान बंदच ठेवलं. ज्यांचे वायदे हुकले त्यांची शिलाई माफ केली, कोणाचं तोंड वाकडं झालं, कोणाचं नाही. शकुननं रोज काही ना काही गोड केलं. पोरगी शहाणी आहे, समोर ठेवलं की दोन घास खाते. रडतही नाही. मी टेप घेऊन माप घ्यायला बसलो तर हात पसरून उभी राहिली, अगदी गिऱ्हाइकासारखी. मला म्हणाली, कधी न्यायला येऊ? लाखांदूरच्या बसची वेळ झाली की आपली पिशवी घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसते. बस गेली की मुकाट्यानं आत येते. परवापासून अंगात ताप आहे. डॉक्टर म्हणतात, काही नाही. शकुन मला म्हणाली, आपण हिला आणलं नाही, हिला तोडून आणलं. 

बाई, मी हरलो. मंगळवारी शकुन तिला घेऊन तिकडे येते आहे. शाळेत नाव तिकडेच घाल. गुरुजी बापाचं नाव विचारतील तेव्हा ईश्वर सांग, तेवढं माझ्याकडे राहू दे. नवं फराक सोबत आहे. आत भरपूर कापड दाबून ठेवलं आहे, ती वाढली की उसवून घेत जा.

एक सांगायचं नव्हतं, पण तुला नाही तर कोणाला सांगू? काल ती दुकानासमोर उभी राहून पाटी वाचत होती. एकेक अक्षर लावून सारं वाचलं, आणि आत येऊन मला म्हणाली, मामा, तुमच्या घरीबी वच्छला आहे? मी म्हणालो, आहे. म्हणाली, मग दिसत काहून नाही? मी म्हणालो, ती तिच्या आत्याकडे राहते. तर म्हणते, आणा ना तिले मामा, मी खेळीन तिच्यासंगं.

तुमच्या सर्वांच्या मायेवर विसंबून आहे.

तुझा,
ईश्वर